सांध्याच्या अस्तरपेशींची वीज कशी मोजावी: सायनोव्हियल फायब्रोब्लास्टवर पॅच क्लॅम्प

गुडघा, खांदा, बोटांची पेरे अशा हलत्या सांध्यांना आतून सायनोव्हियम नावाचे पातळ अस्तर असते. निरोगी सांध्यात या अस्तराचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो. त्यात दोन कुळांच्या पेशी राहतात. मॅक्रोफेजच्या कुळातल्या पेशी कचरा उचलतात. फायब्रोब्लास्टच्या कुळातल्या पेशी हायलुरोनिक अ‍ॅसिड आणि लुब्रिसिन सोडून सांध्याला वंगण देतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे आमवातात, हाच थर दहा-पंधरा पेशींइतका जाड होतो, कूर्चेवर चढतो आणि तिला व खालच्या हाडाला खात जातो. हे काम मुख्यतः फायब्रोब्लास्टच करतात. कूर्चा पोखरणारी एमएमपी विकरे आणि दाह वाढवणारे आयएल-६ त्यांच्याकडून मोठ्या प्रमाणात येते.

या पेशी चेतापेशी नाहीत आणि स्नायूपेशीही नाहीत. त्यांच्यात आवेग उठत नाही. तरी त्यांच्या पेशीपटलाच्या आत आणि बाहेर काही दशक मिलिव्होल्टचा फरक कायम असतो आणि आतली बाजू ऋण असते. या फरकाचे महत्त्व कॅल्शियममुळे आहे. पेशीबाहेर कॅल्शियम २ मिलिमोलर आणि आत १०० नॅनोमोलर धरले, तर २२ अंश सेल्सिअसला कॅल्शियमचा समतोल विभव (ज्यावर त्याचा निव्वळ प्रवाह थांबतो तो) +१२६ मिलिव्होल्ट येतो. पटल −२० वर असेल तर कॅल्शियमला आत ओढणारा जोर १४६ मिलिव्होल्ट, आणि −६० वर असेल तर १८६. म्हणजे चॅनेल (पटलातली आयनांना वाट देणारी प्रथिने) तेवढीच उघडी असली तरी ओढ सुमारे सव्वापट होते. आत आलेले कॅल्शियम पेशीचे स्थलांतर, विभाजन आणि विकरांचे स्रवण या सगळ्यांत हात घालते. पटल ऋण ठेवण्याचे काम मुख्यतः पोटॅशियम चॅनेल करतात, म्हणून संधिवाताच्या संशोधनात पोटॅशियम चॅनेलांवर एवढी नजर आहे.

त्यातही सर्वाधिक चर्चा बीके चॅनेलची होते. कॅल्शियम आणि विभव या दोन्हींनी उघडणारे हे मोठ्या वाहकतेचे पोटॅशियम चॅनेल आहे, त्याचे जनुक केसीएनएमए१. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या क्रिस्टीन बीटन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की आमवाती फायब्रोब्लास्टमध्ये हे प्रमुख पोटॅशियम चॅनेल आहे, ते रोखले की या पेशींचा आक्रमकपणा कमी होतो, आणि प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये (उंदराहून मोठी जात) संधिवाताची तीव्रताही उतरते. २०२० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिचर्ड बॅरेट-जॉली यांच्या गटाने उलट दिशेचा दुवा मांडला: दाहक सायटोकाइनांमुळे (पेशींना दाहाचा निरोप देणाऱ्या प्रथिनांमुळे) सायनोव्हियल फायब्रोब्लास्टमधल्या पोटॅशियम चॅनेलांची घडीच बिघडते. म्हणजे दाह विजेला हलवतो आणि वीज दाहाला. कोण आधी, हे एका मोजणीतून कळत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. यातून बाजारातले विजेचे पट्टे, चुंबकी गादी किंवा करंट देणारी यंत्रे संधिवात बरा करतात असे काहीही निघत नाही. हा विषय एका पेशीच्या पटलातल्या प्रथिनांचा आहे. कातडीवरून दिलेला करंट एखादे चॅनेल निवडून उघडत नाही.

पुढची कृती प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. पॅच क्लॅम्पचे (काचेच्या बारीक पिपेटचे टोक पटलाला चिकटवून पेशीची वीज मोजण्याचे) यंत्र हाताळता येते, पण सायनोव्हियल पेशी नवीन आहेत, असा वाचक समोर धरला आहे. या पेशींत मोठा धोका असा की पिपेटचा दोष पेशीचा आजार म्हणून खपून जातो. म्हणून विभव मोजण्याच्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवला आहे.

पेशी मिळवणे

ऊतक बहुतेक वेळा गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेतून मिळते. त्यासाठी संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी हवी. भारतात आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे पाळायची. तुलनेसाठी काय वापरणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. गुडघा बदलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात असतो. त्यांच्या पेशी आमवाताच्या समोर 'निरोगी' म्हणून ठेवण्याची सवय सर्वत्र आहे, पण झिजेच्या संधिवातातही सायनोव्हियम सुजते. अस्थिबंध दुरुस्तीच्या आर्थ्रोस्कोपीत मिळालेला तुकडा त्याहून बरा. सांध्यात अलीकडे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले होते का आणि रुग्ण मेथोट्रेक्सेटवर (आमवाताचे नेहमीचे औषध) आहे का, याची नोंद नमुन्यासोबतच घ्यावी. नंतर ती माहिती मिळत नाही.

ऊतक थंड माध्यमात आणून चार तासांच्या आत कामाला घ्या. चरबी आणि तंतुमय भाग कात्रीने काढून टाका, गुलाबी मऊ अस्तर २ ते ३ मिलिमीटरच्या तुकड्यांत कापा. सीरम नसलेल्या डीएमईएममध्ये (पेशी वाढवण्याचे माध्यम) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर कोलॅजिनेज घालून ३७ अंशांवर, हलवत, एक ते दोन तास ठेवा. ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, ३०० जी वर ५ मिनिटे फिरवा, दोनदा धुवा. मग १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम, पेनिसिलिन १०० युनिट आणि स्ट्रेप्टोमायसिन १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असलेल्या डीएमईएममध्ये फ्लास्कमध्ये लावा. दुसऱ्या दिवशी माध्यम बदला, म्हणजे न चिकटलेल्या पेशी निघून जातात. ९० टक्के जागा भरली की ट्रिप्सिनने उठवून एकास तीन प्रमाणात वाटा.

तिसऱ्या वाटणीपर्यंत मॅक्रोफेज जवळजवळ संपतात. मोजणी चौथ्या ते सातव्या-आठव्या वाटणीदरम्यान करा. त्याआधी मिश्रण असते, त्यानंतर पेशी म्हाताऱ्या, पसरट होतात आणि चॅनेलांचे चित्र बदलते. तुलनेच्या दोन्ही गटांत वाटणीचा क्रमांक सारखाच ठेवा. ओळख पटवण्यासाठी व्हायमेंटिन आणि सीडी९० असायला हवे, मॅक्रोफेजची खूण असलेले सीडी६८ नको. सीडी९० अस्तराच्या खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्टवर जास्त असते, त्यामुळे ते मिळाले म्हणजे पेशी वरच्याच थरातली आहे असे समजू नका. मायकोप्लाझ्माची तपासणी दर महिन्याला करा. मायकोप्लाझ्मा झालेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसतात आणि आयएल-६ भरभरून सोडतात.

एसडब्ल्यू९८२ ही तयार पेशीवाहिनी सोयीची आहे, पण ती सायनोव्हियल सार्कोमातून, म्हणजे कर्करोगातून आलेली आहे. द्रावणे आणि यंत्र जुळवण्याच्या सरावाला ती चालेल. संधिवाताबद्दलचा निष्कर्ष तिच्यावर उभा करू नये.

दाह उभा करणे

आमवाताचे ऊतक नसेल किंवा कारण-परिणाम पाहायचा असेल, तर सायटोकाइन देतात: टीएनएफ-अल्फा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, आयएल-१ बीटा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, एकेकटे किंवा दोन्ही मिळून, २४ ते ७२ तास. आधी २४ तास सीरम १ टक्क्यावर आणा. दोन्ही सायटोकाइन ०.१ टक्के अल्ब्युमिन असलेल्या बफरमध्ये विरघळवलेली असतात. नियंत्रण गटाला तेवढाच अल्ब्युमिनचा बफर द्या, नुसते माध्यम नको. माध्यम दर २४ तासांनी सायटोकाइनसह बदला.

इथे एक व्यावहारिक पेच आहे. पॅचसाठी पेशी विरळ हव्यात, पण ७२ तासांत त्या वाढून एकमेकींना भिडतात. म्हणून पहिले ४८ तास उपचार फ्लास्कमध्ये द्या. नंतर पेशी उठवून १२ मिलिमीटरच्या काचेवर, प्रत्येक काचेवर दोन ते तीन हजार, अशा लावा आणि शेवटचे २४ तास सायटोकाइन काचेवरच चालू ठेवा. नियंत्रण गटही असाच उठवून लावायचा. ट्रिप्सिनने पटलावरची प्रथिने छाटली जातात, त्यामुळे लावल्यानंतर २४ तासांच्या आत मोजणी नको.

उपचार लागू पडला का, हे त्याच पेशींवरच्या माध्यमातले आयएल-६ एलायझाने मोजून ठरवा. वाढ दिसली नाही तर सायटोकाइन मेलेले आहे. वारंवार गोठवणे-वितळवणे हे त्याचे नेहमीचे कारण. अशा दिवशी पॅचच्या टेबलावर बसूच नये.

द्रावणे

बाहेरचे द्रावण, मिलिमोलरमध्ये: सोडियम क्लोराइड १४०, पोटॅशियम क्लोराइड ५, कॅल्शियम क्लोराइड २, मॅग्नेशियम क्लोराइड १, ग्लुकोज १०, हेपेस १०. सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ करा. ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे प्रमाण, मिलिऑस्मोल प्रति किलोमध्ये) ३०० च्या आसपास येते.

पिपेटमधले द्रावण, मिलिमोलरमध्ये: पोटॅशियम ग्लुकोनेट ११०, पोटॅशियम क्लोराइड २०, मॅग्नेशियम क्लोराइड १, कॅल्शियम क्लोराइड २, ईजीटीए ५, हेपेस १०, मॅग्नेशियम एटीपी २. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.२. ऑस्मोलॅलिटी बाहेरच्यापेक्षा १० ते १५ ने कमी ठेवा, नाहीतर पेशी फुगून सील (पिपेटच्या टोकाची पटलावरची घट्ट पकड) तुटते. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढा, छोट्या भागांत गोठवा, काम करताना बर्फावर ठेवा.

ईजीटीए ५ आणि कॅल्शियम २ ही जोडी सहज निवडलेली नाही. पीएच ७.२ ला या प्रमाणात मुक्त कॅल्शियम १०० नॅनोमोलरजवळ बसते, विश्रांतीतल्या पेशीइतके. पीएच ७.४ झाला तर ईजीटीए कॅल्शियम अधिक घट्ट धरतो आणि मुक्त कॅल्शियम निम्म्याहून खाली जाते. बीके चॅनेल मोजताना ही चूक संपूर्ण निकाल फिरवते. त्यामुळे पीएच मीटर त्याच सकाळी जुळवलेले असावे. अनेक प्रयोगशाळा चेतापेशींची जुनी कृती उचलतात: ईजीटीए १० आणि कॅल्शियम शून्य. त्यात बीके प्रवाह जवळजवळ दिसत नाही आणि 'या पेशींत बीके नाही' असा निष्कर्ष लिहिला जातो.

ऑस्मोलॅलिटीबद्दल आणखी एक. निरोगी सांध्यातल्या द्रवाची ऑस्मोलॅलिटी रक्तापेक्षा बरीच जास्त, ४०० च्या घरात नोंदली गेली आहे, आणि संधिवातात ती ३०० किंवा त्याखाली उतरते. म्हणजे आपले ३०० चे 'नेहमीचे' द्रावण खरे तर आजारी सांध्याच्या जवळचे आहे. तुलना करायची तर मॅनिटॉल घालून ४०० चे दुसरे द्रावण बनवा. पिपेटचे द्रावणही त्याच प्रमाणात वर न्यावे लागेल.

टेबल आणि पिपेट

१.५ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या बोरोसिलिकेट नळ्या, ३ ते ५ मेगाओहमची टोके, आगीने किंचित गुळगुळीत केलेली. प्रवाह २ किलोहर्ट्झवर गाळा, १० किलोहर्ट्झवर नोंदवा. आपल्याकडे ५० हर्ट्झची गुणगुण हा रोजचा त्रास. बहुतेक वेळा दोष टेबलाच्या पिंजऱ्यात नसतो, तो बाथमधून द्रावण ओढणाऱ्या सक्शनच्या नळीत, सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यात किंवा इन्व्हर्टरच्या अर्थिंगमध्ये असतो. एकेक उपकरण सॉकेटमधून काढून पाहा. नुसते बटण बंद करून कळत नाही. सर्व अर्थिंग एकाच बिंदूला आणा.

एसीचा झोत बाथवर येत असेल तर तापमान आणि द्रावणाची पातळी दोन्ही सरकतात. मुंबई-कोकणच्या दमट पावसाळ्यात पिपेट होल्डरमध्ये ओल धरते आणि आवाज वाढतो. होल्डर रोज संध्याकाळी उघडून कोरडा करा. चांदीची तार पांढरी पडली की ब्लीचमध्ये पुन्हा काळपट-करडी करून घ्या, कारण उघडी चांदी विभव सरकवते.

पेशी निवडताना एकटी, कोणालाही न चिकटलेली, चकचकीत कडांची घ्या. सायनोव्हियल फायब्रोब्लास्ट कनेक्सिन-४३ च्या गॅप जंक्शनने शेजारणीला जोडलेले असतात, आणि जोडलेल्या पेशीवर तुम्ही एकीला नव्हे तर आख्ख्या वस्तीला मोजता. ओळखायची खूण: १० मिलिव्होल्टच्या पायरीला येणारा धारितेचा उसळता प्रवाह एका घातांकाने न उतरता लांब शेपूट सोडतो, आणि आगम रोध (पेशीचा एकूण रोध) गिगाओहमवरून काहीशे मेगाओहमवर येतो. कार्बेनोक्सोलोन १०० मायक्रोमोलर जोड तोडते, पण ते इतर चॅनेलांनाही छेडते. त्यापेक्षा दुसरी पेशी शोधलेली बरी.

विश्रांतीचा विभव

सील किमान ५ गिगाओहमची हवी, १० असेल तर उत्तम. हा हट्ट का, ते आकड्यांत पाहा. या पेशींचा आगम रोध सहज १ ते ५ गिगाओहम असतो. सीलमधून होणारी गळती पेशीच्या रोधाला समांतर बसते, आणि दिसणारा विभव म्हणजे खरा विभव गुणिले सील भागिले सील अधिक पेशी. खरा विभव −६०, पेशी २ गिगाओहम आणि सीलही २ गिगाओहम असेल, तर पडद्यावर −३० दिसतील. सील १० गिगाओहम असेल तर −५०. गळक्या घागरीत पाणी किती होते हे तळाशी उरलेल्या पाण्यावरून सांगण्यासारखे हे आहे.

आता यात संधिवात मिसळा. सायटोकाइन दिलेल्या पेशी पसरट आणि चिकट होतात, त्यांच्यावर सील हलकी बसते. परिणामी उपचारित गटात 'विध्रुवण' (विभव शून्याकडे सरकणे) दिसते, जे पटलात नसून काचेच्या टोकाशी घडलेले असते. प्रत्येक पेशीची सील आणि आगम रोध लिहून ठेवा. दोन गटांत सीलच वेगळी निघाली तर विभवाची तुलना बाजूला ठेवा.

दुसरा सापळा क्लोराइडचा. वरच्या द्रावणांत पिपेटमधले क्लोराइड २६ मिलिमोलर (२० + २ + ४) आणि बाहेरचे १५१. क्लोराइडचा समतोल विभव −४५ मिलिव्होल्ट येतो. पोटॅशियम पीएच जुळवताना घातलेल्या हायड्रॉक्साइडसह सुमारे १४५ होते, म्हणून त्याचा समतोल −८५ च्या आसपास. आता पेशीचा विभव −४५ मोजला गेला तर तो पेशीचा स्वभाव, की पिपेटमधून ओतलेल्या क्लोराइडची सही? होल-सेल जोडल्यावर (पिपेटखालचे पटल फोडून पेशीत वाट केल्यावर) पेशीतले क्लोराइड काही मिनिटांत पिपेटसारखे होते. म्हणून विभव पटल फोडल्यावर पहिल्या ३० सेकंदांत वाचा, आणि काही पेशी पिपेटमध्ये क्लोराइड १० मिलिमोलर ठेवूनही मोजा. त्यात समतोल −६९ होतो. विभव त्याच्यामागे सरकत गेला तर क्लोराइडची वाट उघडी आहे, आणि तोही एक निकालच आहे.

तिसरा, जंक्शन पोटेन्शियल, म्हणजे दोन वेगळी द्रावणे भेटतात तिथे तयार होणारा विभव. ग्लुकोनेटच्या पिपेटला तो १० ते १५ मिलिव्होल्ट असतो. नोंदलेल्या आकड्यातून तो वजा करायचा, म्हणजे खरा विभव अधिक ऋण. तुमच्या द्रावणांसाठी मोजा किंवा सॉफ्टवेअरने काढा, आणि दुरुस्ती केली की नाही ते स्पष्ट लिहा. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांतला १२ मिलिव्होल्टचा फरक अनेकदा एवढाच असतो.

हे तिन्ही सापळे टाळणारी एक पद्धत आहे आणि ती फार कमी वापरली जाते. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड घाला, सील करा, पण पटल फोडू नका. पॅचच्या दोन्ही बाजूंना पोटॅशियम जवळजवळ सारखे झाल्याने बीकेचा प्रवाह पॅचवर शून्य मिलिव्होल्ट असताना उलटतो. पॅचवरचा विभव म्हणजे पेशीचा विभव वजा पिपेटचा विभव, म्हणून प्रवाह शून्य होतो त्या वेळी पिपेटला दिलेला विभव हाच पेशीचा विभव. पिपेट −६० ते −१२० मिलिव्होल्टदरम्यान ठेवून एका चॅनेलच्या उघडझापीची उंची मोजा, रेषा काढा, शून्याला कुठे छेदते ते पाहा. रेषेचा उतार २०० ते २५० पिकोसीमेन्सच्या आसपास आला तर चॅनेल बीके आहे याचीही खात्री पटते. पेशीतले क्लोराइड, कॅल्शियम, एटीपी सगळे जागच्या जागी राहते.

वेळ असेल तर छिद्रित पॅचही (पटल न फोडता औषधाने त्यात बारीक छिद्रे पाडून) करा. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी २४० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पिपेटचे टोक आधी साध्या द्रावणात बुडवून, मग मागून औषधाचे द्रावण भरून, १० ते २० मिनिटे थांबा. उजेडात ते निकामी होते. क्लोराइडही शाबूत ठेवायचे असेल तर ग्रॅमिसिडिन घ्या, त्याच्या छिद्रांतून क्लोराइड जात नाही.

प्रवाह

धारक विभव −६०. तिथून −१२० ते +१०० पर्यंत २० च्या पायऱ्या, प्रत्येकी ३०० मिलिसेकंद, दोन पायऱ्यांत ५ सेकंदांचा विसावा. श्रेणी रोध १५ मेगाओहमच्या आत ठेवा आणि ७० टक्के भरपाई द्या. +८० ला ३ नॅनोअँपिअर प्रवाह आणि १२ मेगाओहम रोध असेल तर भरपाईशिवाय ३६ मिलिव्होल्टची चूक होते, भरपाईनंतर ११ ची. मोठ्या प्रवाहाच्या पेशींत वक्र चपटा होतो तो यानेच. रोध प्रयोगाच्या शेवटी पुन्हा मोजा, २० टक्क्यांहून अधिक बदलला तर पेशी बाद.

बीकेची ओळख डोळ्यांनीही होते. +४० च्या वर रेषा जाडजूड, खडबडीत होते, कारण प्रत्येक चॅनेलचा प्रवाह मोठा असतो. १०० नॅनोमोलर कॅल्शियमला बीके ऋण विभवावर क्वचितच उघडते, सहायक उपघटक जोडलेले नसतील तर +१०० च्याही पुढे जावे लागते. मग विश्रांतीच्या विभवात त्याचा वाटा काय? पिपेटमध्ये मुक्त कॅल्शियम १ मायक्रोमोलर करून दुसरा संच घ्या. दाहात पेशीतले कॅल्शियम उसळते तेव्हा वक्र किती डावीकडे सरकतो, ते त्यातून दिसते. −१०० च्या खाली आत येणारा प्रवाह दिसला तर इन्वर्ड रेक्टिफायर तपासा: बेरियम क्लोराइड १०० मायक्रोमोलर.

प्रवाह नेहमी धारितेने भागून पिकोअँपिअर प्रति पिकोफॅरडमध्ये द्या. सायटोकाइनने पेशीचा आकार बदलतो. १२०० पिकोअँपिअर ६० पिकोफॅरडच्या पेशीत म्हणजे २०, आणि १०० पिकोफॅरडच्या पेशीत १२.

रोधक

पॅक्सिलिन १ मायक्रोमोलर हा बीकेचा नेहमीचा रोधक. तो बंद चॅनेलला अधिक घट्ट बसतो, हळू लागतो आणि धुऊन जवळजवळ निघत नाही. प्लास्टिकच्या नळ्यांना चिकटून दुसऱ्या दिवशीच्या नियंत्रणात झिरपतो, म्हणून त्याच्या नळ्या वेगळ्या ठेवा. १ मायक्रोमोलरच्या फार वर जाऊ नका, कारण जास्त प्रमाणात तो कॅल्शियमचा एसईआरसीए पंपही रोखतो. बीके बंद झाल्यामुळे कॅल्शियम बदलले की पंप अडल्यामुळे, हे मग सांगता येत नाही. एनएस१६१९ हे उघडणारे औषध याहून बेशिस्त आहे. टीईए १ मिलिमोलर झटपट आणि परत धुता येणारी चाचणी म्हणून चांगले.

दुसरा रोधक आयबेरिओटॉक्सिन, १०० नॅनोमोलर. ३७ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड कोकणात ज्याची दहशत आहे त्याच लाल विंचवाच्या, हॉटेंटोटा टॅम्युलसच्या विषातून मिळाले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला तोच हा विंचू. दंशात जीव जातो तो मुख्यतः विषातल्या वेगळ्या, सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या घटकांनी उसळणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनसदृश रसायनांमुळे. विंचवाच्या विषाने सांधे सुधारतात असा अर्थ यातून काढू नये. प्रयोगात हे पेप्टाइड काचेला आणि प्लास्टिकला चिकटून नाहीसे होते, म्हणून द्रावणात ०.१ टक्के अल्ब्युमिन घाला आणि नियंत्रणातही तेवढेच घाला. बीटा-४ उपघटक असलेल्या बीकेवर ते लवकर चालत नाही. प्रवाह पॅक्सिलिनने थांबला आणि आयबेरिओटॉक्सिनने नाही, तर प्रयोग फसला असे न समजता उपघटकांकडे पाहा.

औषध म्हणून बीके रोखण्याची अडचणही इथेच आहे. हे चॅनेल मेंदूत, रक्तवाहिन्यांत आणि मूत्राशयातही आहे. पॅक्सिलिनने तर कंप सुटतो. सायनोव्हियल पेशींतल्या उपघटकांची जोडणी वेगळी असेल तरच निवडक रोधकाला जागा आहे. तोवर आमवाताच्या रुग्णाने मेथोट्रेक्सेट वगैरे चालू औषधे सोडण्याचे काहीच कारण नाही.

रंगद्रव्याचा जवळचा रस्ता

पॅचला दिवसाला मोजक्या पेशी होतात, म्हणून डायबॅक४(३) सारखे विभवमापक रंगद्रव्य मोहात पाडते: १ मायक्रोमोलर, अर्धा तास, विध्रुवण झाले की चमक वाढते. पण हे रंगद्रव्य स्वतःच बीटा-१ आणि बीटा-४ उपघटक असलेले बीके उघडते. जे मोजायचे त्यालाच ते ढकलते. या पेशींत ते वापरायचे तर रंगद्रव्यासह आणि त्याविना अशा दोन्ही अवस्थांत काही पेशी पॅच करून पडताळा. कॅल्शियमसाठी फ्युरा-२ मात्र बिनधास्त घ्या: २ मायक्रोमोलर, ३० मिनिटे, ३४० आणि ३८० नॅनोमीटरचे गुणोत्तर.

आकडे वाचताना

सहा दात्यांच्या प्रत्येकी पाच पेशी मोजल्या, तर नमुना ३० चा नसून सहाचा आहे. एका दात्याच्या पेशी एकमेकींसारख्या असतात. तीस धरून काढलेली सार्थकता फुगलेली असते. दाता हा यादृच्छिक घटक धरून मिश्र प्रतिमान वापरा, किंवा प्रत्येक दात्याची सरासरी काढून जोडीने तुलना करा. सायटोकाइनच्या प्रयोगात एकाच दात्याच्या पेशी दोन्ही गटांत असल्याने जोडीची तुलना सहज जमते. मोजणाऱ्याला काच कोणत्या गटातली ते कळू नये. दुसऱ्या कोणीतरी झाकणावर अंक घालावेत. एक काच बाथमध्ये ६० ते ९० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण बाथमध्ये सायटोकाइन नसते, आणि सकाळी एक गट, दुपारी दुसरा असा क्रम कधीच लावू नका.

विभव बदलला पण आयएल-६ किंवा एमएमपी बदलले नाही, असे निघाले तर तेही छापण्याजोगे आहे. विभवाचा दाहाशी संबंध दाखवायला उलटा प्रयोग लागतो. सायटोकाइन देऊन बीके रोखा आणि स्राव मोजा. नंतर सायटोकाइन न देता बाहेरचे पोटॅशियम ५ वरून ४० मिलिमोलर करा, तेवढेच सोडियम कमी करा आणि पुन्हा स्राव मोजा. पोटॅशियम वाढवल्याने पटल −३० च्या आसपास येते, चॅनेलला हात न लावता. दोन्हींत स्राव एकाच दिशेला हलला तर काम विभवाचे. फक्त रोधकाने हलला तर बीके प्रथिनाचे दुसरे काही काम असावे; इंटिग्रिनांशी (पेशीला भोवतालाशी जोडणाऱ्या प्रथिनांशी) असलेला त्याचा संबंध हा तिथला पहिला संशयित.